'क्वाइट गुड' म्हणजे किती गुड?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पहिलं प्रकरण लिहून दिलं, तेव्हा सुपरवायझरनी शेवटच्या पानावर दोनच शब्द लिहिले होते: 'क्वाइट गुड'. मी त्याच रात्री घरी फोन केला आणि आईला सांगितलं, "अगदी छान झालंय म्हणाले." शाळेत आम्हाला 'क्वाइट' म्हणजे 'अगदी' असंच लिहून दिलं होतं आणि ते डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढचे दोन महिने मी त्या प्रकरणाकडे वळूनही पाहिलं नाही. मग एका मीटिंगमध्ये त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या प्रकरणात काय बदल केलेस?" मला कळेचना, कसले बदल? त्यांच्या इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे 'बऱ्यापैकी आहे, अजून काम लागेल' हे मला त्या दिवशी समजलं. दोन महिने गेले ते गेलेच.

तुमच्याकडेही असा एखादा शब्द असणार, ज्याने तुम्हाला कधीतरी तोंडघशी पाडलंय. पॉडकास्टवर भाषेचा विषय निघाला की हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो: 'एस्पेशली' लिहू की 'स्पेशली'? की 'पर्टिक्युलर्ली'? 'व्हेरी', 'रिअली', 'क्वाइट', 'प्रिटी' यातलं कुठे कोणतं? एपिसोडमध्ये आम्ही दोन मिनिटांत काहीतरी उत्तर देतो आणि पुढे जातो. ते उत्तर मला कधीच पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: यातला कोणता शब्द 'बरोबर', हा प्रश्नच अपुरा आहे. जोर देणारा शब्द एकटा कधीच राहत नाही. तो कुणाला चिकटतो, वाक्यात कुठे बसतो आणि कुणाच्या कानावर पडतो, या तीन गोष्टींवर त्याचा अर्थ ठरतो. आपल्याला जी पुस्तकं, क्लास आणि याद्या मिळतात, त्या बहुतेक वेळा या तिन्ही गोष्टी गाळून फक्त शब्द आणि त्याचा मराठी अर्थ देतात.

यादीचा दोष

महाराष्ट्रात इंग्रजी शिकण्याची जुनी पद्धत भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. आजोबांच्या पिढीतली किती तरी माणसं त्याच जोरावर कोर्टात, कचेरीत, कॉलेजात उभी राहिली. पण त्या पद्धतीचं एक पिल्लू आज ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी आयेल्ट्स किंवा पीटीई देणाऱ्यांच्या हातात असतं: दोन रकान्यांची यादी. डावीकडे 'हे लिहू नका', उजवीकडे 'हे लिहा'. 'व्हेरी' नको, 'एक्सीडिंगली' लिहा. 'व्हेरी' नको, 'इमेन्सली' लिहा.

गंमत म्हणजे आयेल्ट्सच्या जाहीर निकषांत कमी वापरातल्या शब्दांना गुण असतात हे खरं, पण तिथेच शब्दांची जोडी नीट जुळली पाहिजे हेही लिहिलेलं असतं. यादी निकषाचा पहिला अर्धा भाग घेते आणि दुसरा सोडून देते. मग निबंधात 'एक्सीडिंगली हॅपी चिल्ड्रन' खेळायला लागतात. व्याकरण बरोबर, शब्द कठीण, आणि वाचणाऱ्याला वाटतं, की ही मुलं एखाद्या जुन्या कादंबरीतून आली आहेत.

यादी इथे का फसते ते इंग्रजीतून समजावण्यापेक्षा मराठीतून बघा. रंगांवर जोर कसा देतो आपण? लालभडक, हिरवागार, पिवळाधमक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट. यातल्या 'भडक', 'गार', 'धमक', 'कुट्ट' या सगळ्यांचं यादीतलं भाषांतर एकच होईल: 'व्हेरी'. पण 'लालगार' म्हणून बघा, किंवा 'हिरवाकुट्ट'. जीभच वळत नाही. आता याच्या पुढची पायरी. केस काळेभोर असतात आणि अंधार काळाकुट्ट. दोन्हीत काळेपणा शंभर टक्के, पण एकात कौतुक आहे आणि दुसऱ्यात भीती किंवा नापसंती. कुणाच्या मुलीला 'काळेकुट्ट डोळे आहेत हो' म्हणून पाहा, चहा अर्धा राहील. तसंच सदरा पांढराशुभ्र, आणि आजारी माणसाचा चेहरा पांढराफटक.

हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. रकाने करून पाठ केलं नाही. कुठल्या शब्दाच्या शेजारी कुठला शब्द बसतो, हे घरात, अंगणात, गोष्टींत ऐकून झालं. म्हणजे 'सारख्याच अर्थाच्या जोरदार शब्दांतून एक निवडणं' हे काम तुम्हाला लहानपणापासून येतं. इंग्रजीत तेच काम करायचं आहे. 'बिटरली कोल्ड' म्हणजे कडाक्याची थंडी, 'डीपली सॉरी' म्हणजे मनापासून माफी, 'स्ट्राँगली डिसअग्री', 'हायली रेकमेंड', 'बॅडली नीड'. यातले शब्द अदलाबदल करून बघा: 'हायली सॉरी', 'बिटरली रेकमेंड'. तोच 'लालगार'चा प्रकार.

माझ्या 'क्वाइट'चंही तेच झालं होतं. शाळेने खोटं शिकवलं नव्हतं. 'क्वाइट राइट' म्हणजे खरंच 'अगदी बरोबर'. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे 'अगदी अशक्य'. जिथे कमी-जास्त असं काही नसतं, एक तर असतं नाही तर नसतं, तिथे 'क्वाइट' म्हणजे 'पूर्णपणे'. पण 'गुड', 'बिग', 'इंटरेस्टिंग' हे चढउतार असलेले शब्द. त्यांच्या शेजारी 'क्वाइट' बसला की ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत तो 'बऱ्यापैकी' होतो. अमेरिकन माणूस तोच शब्द बऱ्याचदा 'चांगलाच' या अर्थाने म्हणतो. ऑस्ट्रेलियन कान या बाबतीत ब्रिटिशांच्या जवळचा. एका शब्दाला एक अर्थ लावून देणाऱ्या वहीत ही माहिती मावणारच नाही.

खास, मुद्दाम आणि विशेषतः

आता 'एस्पेशली', 'स्पेशली' आणि 'पर्टिक्युलर्ली'. पहिले दोन मुळात एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. जुन्या फ्रेंचला शब्दाच्या सुरुवातीचा 'स्प', 'स्ट', 'स्क' जड जायचा, म्हणून तिथे आधी एक 'ए' लावायचे. उत्तरेत 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं, तसंच. इंग्रजीने काही शब्द 'ए' लागलेले घेतले आणि काही न लागलेले, आणि मग दोन्ही ठेवून घेतले. 'एस्टेट' आणि 'स्टेट' ही अशीच जोडी. आपण मराठीत 'इस्टेट' म्हणतो तेव्हा वाडवडिलांची जमीन डोळ्यासमोर येते, 'स्टेट' म्हटलं की बँक किंवा सरकार. दोन सख्ख्या भावांनी वाटण्या करून घेतल्यासारखं आहे हे.

'एस्पेशली' आणि 'स्पेशली' यांच्या वाटण्या मात्र अजून पूर्ण झालेल्या नाहीत. ढोबळ हिशेब असा: 'स्पेशली' म्हणजे ठरावीक हेतूने, 'एस्पेशली' म्हणजे इतरांपेक्षा जास्त. बोलताना दोन्हींची सरमिसळ होते आणि इंग्रजी मातृभाषा असलेलेही ती करतात. तेव्हा तुमचं चुकलं तर आकाश कोसळणार नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपण हे दोन शब्द का गोंधळतो.

कारण आपला 'खास'. 'खास तुझ्यासाठी केलंय' यात हेतू आहे. 'मला फळं आवडतात, खास करून आंबा' यात तुलना आहे. अरबी-फारसीतून आलेला हा एकच शब्द आपल्याकडे दोन्ही कामं करतो. त्यात भर 'मुद्दाम'ची. 'मुद्दाम तुला भेटायला आले' हे मराठीत केवढं प्रेमाचं वाक्य! शाळेच्या शब्दकोशात मात्र 'मुद्दाम' म्हणजे 'पर्पजली'. मग आपण इथल्या मैत्रिणीला सांगतो, 'आय पर्पजली केम टू मीट यू', आणि तिला क्षणभर वाटतं, की हिचा काही डाव आहे. मराठीत 'मुद्दाम' प्रेमानेही करता येतं आणि खोडसाळपणानेही ('मुद्दाम पाय आडवा घातला'). 'पर्पजली'च्या अंगाला मात्र खोडीचा वास जास्त लागलेला आहे. आईच्या 'मुद्दाम'साठी इथे 'स्पेशली' हवा, किंवा नुसतंच 'आय केम जस्ट टू सी यू'.

तिसरा गोंधळ 'विशेष म्हणजे'चा. मराठीत आपण वाक्य थाटात सुरू करतो: 'विशेष म्हणजे, हा प्रयोग खोलीच्या तापमानाला झाला.' हे इंग्रजीत उतरवताना पेपरात हमखास 'एस्पेशली' आणि स्वल्पविराम येतो, आणि रिव्ह्यूअर त्याला हमखास गोल करतो. 'एस्पेशली'ला शेजारी काहीतरी लागतं, ज्याकडे तो बोट दाखवेल: 'एस्पेशली अ‍ॅट रूम टेम्परेचर'. अख्ख्या वाक्याची घोषणा करणं हे त्याचं काम नाही. ते काम 'इन पर्टिक्युलर' किंवा 'नोटेबली' करतात. नकारात 'पर्टिक्युलर्ली' जास्त रुळलेला. 'भूक आहे का?' 'नॉट पर्टिक्युलर्ली.' म्हणजे आपलं 'तशी काही विशेष नाही'.

क्वर्क आणि मंडळींचं 1985 चं इंग्रजीचं मोठं व्याकरण या शब्दांना कप्प्यांत लावतं. एका कप्प्यात फक्त एकच ठेवून बाकी सगळं वगळणारे: 'ओन्ली', 'मिअरली'. दुसऱ्यात अनेकांतून एकाला पुढे आणणारे: 'एस्पेशली', 'पर्टिक्युलर्ली', 'मेनली'. तिसऱ्यात भर घालणारे: 'ऑल्सो', 'इव्हन'. आणि तीव्रता वाढवणारे-घटवणारे पूर्ण वेगळे. याद्यांपेक्षा हे कितीतरी उजवं, कारण ते अर्थ न सांगता शब्द काय काम करतो ते सांगतं. पण एकाच कप्प्यातल्या 'एस्पेशली' आणि 'पर्टिक्युलर्ली' यातला कोणता घ्यायचा, इथे कप्पा मदत करत नाही. तिथे पुन्हा शेजारच बघावा लागतो.

एक अक्षर, चार कामं

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या आपल्या अक्षराकडे येऊ या. 'च'. संस्कृतात 'च' म्हणजे नुसतं 'आणि'. मराठीतला 'च' वेगळा, ठासून सांगणारा. महाराष्ट्री प्राकृतातही 'च्चेअ', 'च्चिअ' अशी निश्चयार्थी रूपं आहेत, म्हणजे ठासून सांगण्याची ही हौस आपल्याकडे जुनी आहे.

एक साधं वाक्य घ्या: 'मी काल पुण्याला गेले.' आता 'च' फिरवा. 'मीच काल पुण्याला गेले', दुसरी कुणी नाही. 'मी कालच पुण्याला गेले', परवा नाही. 'मी काल पुण्यालाच गेले', नाशिकला नाही. 'मी काल पुण्याला गेलेच', अडवलं तरी. अक्षर तेच, फक्त चिकटण्याची जागा बदलली आणि चार वेगळी वाक्यं झाली. इंग्रजीत या चारांसाठी चार वेगळी हत्यारं लागतात. पहिल्यासाठी वाक्याची रचना बदलून 'इट वॉज मी हू...', दुसऱ्यासाठी 'जस्ट' किंवा 'ओन्ली', तिसऱ्यासाठी बहुतेकदा नुसता आवाजाचा दाब, चौथ्यासाठी 'आय डिड गो'.

आपण काय करतो? चारही ठिकाणी 'ओन्ली' किंवा 'इटसेल्फ' लावून मोकळे होतो. 'आजच देते' म्हणजे 'टुडे इटसेल्फ'. 'इथेच राहते' म्हणजे 'हिअर ओन्ली'. 'तो आहेच तसा' म्हणजे 'ही इज लाइक दॅट ओन्ली'. आपण आपला 'च' इंग्रजी शब्दाच्या शेपटीला लावतो, कारण मराठीत त्याची जागा शेपटीलाच असते.

हे दर वेळी निरुपद्रवी नसतं. एकदा लॅबमध्ये मला विचारलं, की तो डेटा पाठवलास का? मी म्हटलं, 'आय सेंट इट यस्टर्डे ओन्ली.' माझ्या मनात होतं: 'अहो, कालच पाठवला की!' म्हणजे वेळेच्या आधी, तुम्ही विचारण्यापूर्वी. ऐकणाऱ्यांनी ऐकलं: 'मी काल कुठे पाठवला', म्हणजे उशिरा. मी कौतुकाची वाट बघत होते आणि समोरून आलं, 'पुढच्या वेळी जरा लवकर पाठव.' खरं सांगायचं तर मराठी 'कालच'मध्येही हे दोन्ही अर्थ आहेत. फरक इतकाच, की मराठीत सूर आणि तो 'की' ऐकून माणूस योग्य अर्थ घेतो. इंग्रजीत माझा सूर मराठी होता आणि ऐकणारे कान ऑस्ट्रेलियन.

'ओन्ली' कुठे ठेवायचा यावर खुद्द इंग्रजांचाही जुना वाद आहे. फाउलरने 1926 च्या आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात कर्मठांची बाजू घेतली नाही. अर्थाचा घोळ होणार नसेल तर 'ओन्ली' बोलण्यात जिथे सहज येतो तिथे राहू द्या, असा त्याचा कल. मला फाउलर पटतो, पण त्याचा सल्ला त्याच्यासारखा कान असलेल्यांसाठी आहे. ज्यांचा सूर वेगळ्या भाषेत घडलाय त्यांनी लिहिताना 'ओन्ली' थेट त्या शब्दाच्या आधी ठेवावा हे बरं. 'एस्पेशली'चंही तसंच. 'माय मदर एस्पेशली लाइक्ड इट' यात आईला 'विशेष' आवडलं, की सगळ्यांत 'विशेषतः आईला' आवडलं? बोलताना दाब देऊन कळवता येतं, कागदावर नाही. मराठी वाक्य मनात आणा, 'विशेष' कुणाला चिकटलाय ते बघा, आणि इंग्रजी वाक्य त्याप्रमाणे लावून घ्या.

कोल्हापूर आणि सिडनी

इथपर्यंत वाचून वाटेल, की 'हिअर ओन्ली' म्हणजे शेवटी चूकच. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पीएचडी संपेपर्यंत माहीत नव्हती.

इंग्रजी खरोखर कशी वापरली जाते हे मोजण्यासाठी अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात 1961 साली छापलेल्या मजकुरांतून दहा लाख शब्दांचा एक संग्रह केला गेला. त्याच साच्यात ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह झाला. आणि मग त्याच साच्यात भारतीय इंग्रजीचा संग्रह झाला, तो दिल्लीत किंवा मुंबईत झाला नाही, तर कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली. 1978 साली छापलेला मजकूर, सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे. जगभरचे भाषा-अभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखतात. त्याच घराण्यातला ऑस्ट्रेलियन इंग्रजीचा संग्रह सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात पॅम पीटर्स आणि सहकाऱ्यांनी 1986 च्या मजकुरावर केला. म्हणजे माझ्या घरचं इंग्रजी आणि मी आता राहते तिथलं इंग्रजी, दोन्ही एकाच मापाच्या बरणीत शेजारी शेजारी ठेवलेली आहेत.

या कामामुळे एक मोठी गोष्ट झाली. भारतीय इंग्रजीकडे बघताना 'काय चुकलं' या प्रश्नाच्या जागी 'काय, कुठे, किती वेळा' हे प्रश्न आले. पीटर्स यांनी पुढे लिहिलेल्या शब्दप्रयोगांच्या मार्गदर्शकांतही हीच शिस्त दिसते: नियम सांगण्याआधी लोक प्रत्यक्षात काय लिहितात ते बघायचं. फाउलरचा कान थोर होता, पण तो एका माणसाचा कान होता.

कोल्हापूर कॉर्पसची मर्यादाही उघड आहे. छापील मजकूर म्हणजे संपादकाच्या हाताखालून गेलेला मजकूर. आपलं 'टुडे इटसेल्फ' राहतं जिभेवर. ती उणीव नंतर जगभरच्या इंग्रजींसाठी आखलेल्या मालिकेतल्या भारतीय संग्रहाने भरून काढली. त्यात पाचांपैकी तीन भाग बोललेलं इंग्रजी आहे, आणि त्यातही कोल्हापूरच्या शास्त्रींचा हात होता. क्लॉडिया लांगे यांचं भारतीय बोली इंग्रजीच्या वाक्यरचनेवरचं 2012 चं पुस्तक अशाच बोललेल्या मजकुरावर उभं आहे, आणि त्यात 'ओन्ली' आणि 'इटसेल्फ' या दोघांचा गांभीर्याने विचार आहे. त्यांच्याआधी राकेश भट्ट यांनीही 'ओन्ली'च्या या वापरामागची व्यवस्था मांडली होती. हिंदीत 'ही', मराठीत 'च', द्राविडी भाषांत शेवटी लागणारा 'ए'. भारतभर जोर शब्दाच्या शेपटीला लागतो, म्हणून भारतभरच्या इंग्रजीत 'ओन्ली' शेपटीला गेला. आळस किंवा अडाणीपणा असता तर तो कुठेही, कसाही आला असता. तो ठरावीक जागी, ठरावीक कामासाठी येतो. ज्याला नियम असतो त्याला चूक म्हणताना जरा थांबायला हवं.

पण कॉर्पसही एक गोष्ट सांगत नाही. लोक काय बोलतात ते तो दाखवतो. मेलबर्नमध्ये समोर बसलेल्या माणसाने काय ऐकलं, ते त्यात नसतं. माझा डेटा उशिरा आला असं ज्यांना वाटलं, त्यांना मी लांगे यांचं पुस्तक नेऊन दाखवणार नव्हते.

कुणाच्या कानासाठी

जोराचा हिशेब दर देशात वेगळा असतो. 2006 साली ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने एक जाहिरात केली, तिच्या घोषवाक्यात 'ब्लडी' हा शब्द होता. इथे तो शब्द म्हणजे दोस्तीतला जोर, आपल्याकडे मित्रांत 'जाम भारी' म्हणतात तसा. ब्रिटनमध्ये त्या जाहिरातीला टीव्हीवर सुरुवातीला बंदी झाली. इंग्रजी तीच, शब्द तोच. पाहुण्यांना प्रेमाने बोलवायला गेले आणि त्यांच्याच दारात वाद झाला.

ऑस्ट्रेलियात रोजच्या बोलण्यात 'हीप्स' चालतो, 'प्रिटी गुड' चालतो, आणि कौतुकासाठी 'नॉट बॅड' चालतो. 'नॉट बॅड अ‍ॅट ऑल' ही इथे चांगली शाबासकी असते. आपण मात्र कामाच्या कागदावर जोर वाढवत जातो. एकदा पीएचडीच्या प्रवेशासाठी आलेले अर्ज वाचायला मी बसले होते. भारतातून आलेल्या एका शिफारसपत्रात पहिल्या ओळीपासून 'एक्स्ट्रीमली', 'एक्सेप्शनली', 'हायली', 'ट्रुली' यांची रांग होती. ते पत्र लिहिणाऱ्या सरांचं मन मला दिसत होतं. आपल्याकडे शिफारस करताना हात आखडता घेतला तर तीच निंदा ठरते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याची नजर मात्र या सगळ्यांवरून घसरत खाली गेली आणि एका साध्या वाक्यावर थांबली: बंद पडलेलं उपकरण या मुलीने स्वतः तीन आठवडे खपून दुरुस्त केलं. त्या वाक्यात एकही जोराचा शब्द नव्हता. पुढची सगळी चर्चा त्या एका वाक्यावर झाली.

त्या मुलीचं नशीब, की ते वाक्य पत्रात होतं. नसतं तर सरांनी मनापासून वापरलेल्या सगळ्या क्रियाविशेषणांनी मिळून तिच्यासाठी काहीच केलं नसतं. तुमच्यापैकी जे उद्या कुणासाठी पत्र लिहिणार आहेत, किंवा सरांना पत्रासाठी मुद्दे पाठवणार आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवा. जोराच्या शब्दाला पोटात काहीतरी लागतं.

मग करायचं काय

लेख, अर्ज, पत्र लिहिताना 'व्हेरीच्या ऐवजी काय' ही यादी बाजूला ठेवा. तो शब्द ज्याच्या शेजारी बसवायचाय, ती जोडी शोधा. तुमच्या विषयातले चांगले पेपर वाचताना 'हायली'च्या पुढे काय येतं, 'पर्टिक्युलर्ली'च्या पुढे काय येतं, यावर नजर ठेवा. एक-दोन महिन्यांत कान तयार होतो. व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर सगळे 'रिअली' काढून टाका म्हणतील, तेही डोळे झाकून ऐकू नका. जोर काढला तर वाक्याचा मुद्दा हलतो का, ते स्वतः वाचून ठरवा.

बोलताना 'ओन्ली'ची लाज बाळगू नका. भारतीय मित्रमैत्रिणींत तर मुळीच नाही. तिथे 'लाइक दॅट ओन्ली' म्हटल्यावर जे कळतं ते दुसऱ्या कशानेही कळणार नाही. पण जिथे तारीख, मुदत, पैसे, जबाबदारी असे विषय आहेत, तिथे 'च'चा अर्थ पूर्ण वाक्यात सांगा. 'आय सेंट इट यस्टर्डे, बिफोर यू आस्क्ड.' दोन शब्द जास्त लागतील. माझ्यासारखं ऐकून घ्यावं लागणार नाही.

आणि एक उलट्या बाजूचं. परदेशात वाढलेल्या किंवा बरीच वर्षं राहिलेल्या आपल्या सगळ्यांच्या मराठीत मला एक गोष्ट ऐकू येते, माझ्याही. सगळीकडे 'खूप' आलाय. खूप थंड, खूप लाल, खूप गोड, खूप काळं. थंडगार, लालभडक, गोडमिट्ट, काळंभोर हे हळूहळू गळून चाललेत. इंग्रजीत आपल्याला एका 'व्हेरी'च्या जागी दहा शब्द हवे असतात, आणि मराठीतल्या दहांच्या जागी आपण एक 'खूप' ठेवतो. यादी पाठ करून हेही परत येणार नाही. ज्यांच्या बोलण्यात ते अजून आहेत त्यांच्याशी बोलावं लागेल.

मी हल्ली आईला फोन केला की ऐकत असते. परवा ती म्हणाली, "लोणचं घातलंय, चांगलं लालभडक झालंय. तुझ्यासाठी मुद्दाम वेगळं काढून ठेवलंय." मी तिला विचारलं, की कसं झालंय, क्वाइट गुड का? ती म्हणाली, "म्हणजे काय ते तूच ठरव, खाऊन."